नायट्रस किटची लाइन टाकताना: बाटलीच्या व्हॉल्व्हपासून नोझलपर्यंत

नायट्रस किट म्हणजे इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडून थोडा वेळ जादा ताकद मिळवायची सोय. ते हातात आलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: किती हॉर्सपॉवरचा जेट (प्रवाह मोजून सोडणारं बारीक भोक) टाकायचा आणि बटण कुठं लावायचं. मधल्या पंधरा फूट होजकडे, दोन सोलेनॉइडकडे (विजेने उघडणाऱ्या व्हॉल्व्हकडे) आणि डझनभर फिटिंगकडे कुणी फारसं बघत नाही. खरं तर किट नीट चालणार की पिस्टन जाळणार, हे इथंच ठरतं. नायट्रसच्या प्लंबिंगचं सगळं काम दोन वाक्यांत मावतं. जेटपर्यंत नायट्रस द्रवच राहिला पाहिजे. आणि नको असेल तेव्हा त्याचा थेंबही इंजिनात जाता कामा नये. खालची प्रत्येक पायरी या दोनांपैकी कुठल्या तरी एकासाठी आहे.

उदाहरण म्हणून मी घेतोय ते फ्युएल इंजेक्शनवाल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीवर एका नोझलचं 'वेट' किट. वेट म्हणजे नायट्रस आणि जादा पेट्रोल एकाच नोझलमधून आत जातं. 'ड्राय' किटमध्ये नोझलमधून फक्त नायट्रस जातो आणि जादा पेट्रोलची सोय मूळ इंजेक्टरकडून करवून घ्यावी लागते. ड्रायमध्ये इंधनाची नळी टाकायची नसते, म्हणून काम कमी वाटतं. पण तेवढी डोकेदुखी ट्यूनिंगमध्ये वाढते.

आधी कायद्याचं

हा सगळा प्रकार अमेरिकेच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतींत, वाढला. १९७८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एनओएस कंपनीची निळी बाटली इतकी गाजली की लोक कुठल्याही किटला 'नॉस'च म्हणतात. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, तेव्हा हौस इथंही आहे. पण रस्त्यावर चालणाऱ्या नोंदणीकृत गाडीत असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. शिवाय दाबाखालचं सिलिंडर आयात करणं, भरणं, साठवणं हे गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतं आणि ते बघणाऱ्या 'पेसो'चं (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. म्हणून हा लेख बंद ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीसाठी, मान्यताप्राप्त सिलिंडर धरून आहे. दवाखान्याच्या पुरवठ्यातलं निळं सिलिंडर कुणीतरी 'जुगाड' करून देतो म्हणाला, तर त्याला तिथूनच परत पाठवा.

द्रव का, आणि आपला उन्हाळा

नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३. बाटलीत तो स्वतःच्याच बाष्पाच्या दाबाखाली द्रवरूपात असतो. ० अंशाला हा दाब सुमारे ३१ बार, २० अंशाला ५० बार, ३० अंशाला ६३ बार. बहुतेक किट ९०० ते १००० पीएसआय, म्हणजे ६२ ते ६९ बार दाब धरून बनवलेली असतात. ३० अंशांच्या आसपासची बाटली म्हणजे जवळजवळ आदर्श.

खरी गोम पुढं आहे. ३६.४ अंश सेल्सियस हे नायट्रसचं क्रांतिक तापमान. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी तो द्रव राहत नाही. अमेरिकन पुस्तिकांत पानंच्या पानं बाटली गरम कशी करायची यावर असतात, कारण तिथले लोक थंडीतही धावतात. एप्रिलमध्ये पुण्यात किंवा नागपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ३६ अंश ही सकाळी दहाची गोष्ट. तिथून पुढे भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने वाढतो आणि जेटमधून काय जाईल याचा हिशेबच बिघडतो. बाटलीवरची सुरक्षा चकती साधारण ३००० पीएसआयला फुटते, पण ती शेवटची तटबंदी आहे. तिच्यावर विसंबून काम करायचं नसतं. तेव्हा आपल्याकडे हीटरपेक्षा सावली, ओलं गोणपाट आणि इन्सुलेशनचं जॅकेट जास्त कामाचं. हीटर लागलाच, तर आपोआप बंद होणारा, पट्ट्यासारखा गुंडाळायचा. हीटगन किंवा ज्योत बाटलीजवळ कधीही नको.

सामान जमवताना

मुख्य लाइनला डॅश-४ मापाची होज लागते: आत टेफ्लॉनची नळी, बाहेर स्टेनलेसची जाळी. मोठ्या किटना डॅश-६. सोलेनॉइडपासून नोझलपर्यंत डॅश-३. हा आकडा नळीच्या बाहेरच्या मापाचा, इंचाच्या सोळाव्या भागात: डॅश-४ म्हणजे पाव इंच. रंगाचा रिवाज सरळ आहे, निळं फिटिंग नायट्रसचं आणि लाल इंधनाचं. तो मोडू नका. सहा महिन्यांनी दुसराच कुणीतरी ही गाडी उघडणार असतो.

होज तयार, दोन्ही टोकांना फिटिंग बसवलेली आणि दाब तपासलेली घ्या. गल्लीतला हायड्रॉलिक होजवाला 'अर्ध्या पैशात प्रेस करून देतो' म्हणेल, आणि त्याच्याकडचं जेआयसी फिटिंग किटच्या फिटिंगसारखंच ३७ अंशांच्या उताराचं असल्याने बसेलही. नको म्हणण्याचं कारण आत आहे. त्याच्या होजची आतली नळी रबराची असते आणि दुकानात सगळीकडे तेल असतं. दाबाखालचा नायट्रस आणि तेल किंवा ग्रीस यांची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. नायट्रसच्या बाजूच्या कुठल्याही भागाला तेलकट हात, ग्रीस किंवा डब्ल्यूडी-४० लागू द्यायचं नाही. होज बसवण्याआधी कोरड्या, तेल नसलेल्या हवेने किंवा नायट्रोजनने आतून फुंकून घ्या. गॅरेजच्या साध्या कॉम्प्रेसरमधून तेलाचे कण येतात, म्हणून नायट्रोजन बरा. टायरवाल्याकडे तो मिळतो, पण त्याच्या नळीतूनही तेल किंवा पाणी येत नाही ना, ते आधी पांढऱ्या कापडावर फुंकून बघा.

आट्यांचा घोळ

या कामात सर्वांत जास्त गळती होते ती आट्यांच्या चुकीमुळे, म्हणून इथं जरा थांबतो.

किटमध्ये दोन तऱ्हेची जोडणी असते. होजच्या टोकाला एएन, म्हणजे ३७ अंशांचा उतार असलेलं तोंड. तिथं आटे फक्त दाबून धरायचं काम करतात आणि सील धातूवर धातू बसून होतं. तिथं टेप नको, पेस्ट नको, काहीच नको. दुसरी जोडणी एनपीटी, म्हणजे निमुळते आटे. सोलेनॉइडच्या आणि नोझलच्या तोंडाला हीच असते. तिथं आटेच सील करतात आणि त्यांना टेफ्लॉनची पेस्ट लागते. पेस्टच, टेप नाही. टेपचा एक धागा सुटला तर तो सोलेनॉइडच्या सीटवर (जिथं सील टेकून बंद होतं तिथं) जाऊन बसतो आणि सोलेनॉइड पूर्ण बंद होत नाही, किंवा जेटमध्ये अडकतो. जेटचं भोक इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात: २२ नंबरचा जेट म्हणजे ०.०२२ इंच, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिथं धाग्याची काय बात. पेस्टही पहिले दोन आटे कोरडे सोडून लावायची आणि ती पेट्रोलला टिकणारी हवी.

आता आपल्या बाजारातली खास अडचण. हार्डवेअरच्या दुकानात 'वन एट्थ' मागितलं की मिळतं ते बहुधा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे. १/८ बीएसपीला इंचात २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन. १/८ एनपीटीला २७ आटे आणि ६० अंश. दोन-तीन फेरे छान चढतात, मग घट्ट होतं आणि आपल्याला वाटतं, बसलं. ते ७० बारला गळणार. तसंच एसी आणि गॅसच्या पितळी फिटिंगचं: त्यांचा उतार ४५ अंशांचा असतो. ३७ वर ४५ बसवलं की तोंड एका कडेवर टेकतं आणि कितीही आवळा, सील होत नाही. आटे मोजायचा गेज स्वस्तात मिळतो. तो विकत घ्या आणि प्रत्येक फिटिंग मोजून मगच डब्यात टाका.

आवळताना नेहमी दोन पान्हे: एकाने फिटिंग फिरवायचं, दुसऱ्याने पलीकडची बाजू धरायची. एएन नट हाताने बसेपर्यंत फिरवा, मग पान्ह्याने साधारण एक षष्ठांश ते पाव फेरा. ॲल्युमिनियमच्या फिटिंगवर जोर केला की उतार चेपतो आणि ते कायमचं वाया जातं. सोलेनॉइडला फिटिंग लावताना त्याची खालची धातूची बॉडी धरा. वरच्या कॉइलला धरून फिरवलं, तर आतला दांडा वाकतो.

पायरी १: बाटलीची जागा

घरच्या गॅस सिलिंडरमधून आपण वरचं बाष्प घेतो. इथं आपल्याला खालचा द्रव हवा. म्हणून बाटलीच्या आत व्हॉल्व्हपासून तळाच्या कडेपर्यंत एक वाकडी सायफन नळी असते. ती द्रवात बुडालेली राहावी म्हणून बाटली आडवी ठेवताना व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या दिशेला, लेबल वर आणि पुढचं टोक साधारण १५ अंश उचललेलं ठेवतात. गाडी सुटली की द्रव मागे धावतो आणि नळीचं तोंडही मागे, तळाशीच असतं. बाटली उभी ठेवायची असेल तर व्हॉल्व्ह वर आणि लेबल पुढच्या बाजूला. कंपनीगणिक यात फरक असतो, पुस्तिका पाहून घ्या. उलटी बसवली तर शर्यतीत भर दाबात बाष्पच येईल.

ब्रॅकेट बॉडीच्या पत्र्याला आरपार बोल्टने, खाली मोठा वायसर घालून बसवा. भोक पाडण्याआधी खाली पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी किंवा वायरिंग नाही ना, ते गाडीखाली झोपून बघा. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत होज क्लॅम्प आणि केबल टायने बाटली बांधायला सरळ मनाई आहे. कुणीतरी ते करून पाहिल्याशिवाय असा नियम येत नाही.

हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिनची हवा एकच. १० पौंडी बाटलीतला साडेचार किलो नायट्रस बाहेर आला तर २५ अंशांना त्याचे सुमारे अडीच हजार लिटर होतात. लहान गाडीची केबिन जवळजवळ तेवढीच. नायट्रस भूल देणारा वायू आहे आणि तो प्राणवायूला बाहेर ढकलतो. शिवाय गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये कुणी हुंगू नये म्हणून मुद्दाम सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो. म्हणून सुरक्षा चकतीच्या तोंडाला ब्लो-डाउन नळी लावून ती गाडीच्या बाहेर काढणं ऐच्छिक समजू नका. टोक खाली जमिनीकडे, पण सायलेन्सरपासून दूर.

पायरी २: मुख्य लाइन

किटसोबत साधारण १४ ते १६ फूट होज येते. आधी दोरी घेऊन गाडीखालून वाट आखा आणि मगच होज टाका. कंपनीने पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या जिथून नेल्या आहेत, ती वाट बहुधा सर्वांत शहाणी असते, कारण ती सायलेन्सरपासून लांब आणि जॅक लावायच्या जागा टाळून जाते. सायलेन्सर उजवीकडे असेल तर होज डावीकडून. ते शक्य नसेल तिथं उष्णतारोधक बाही चढवा. गरम नळीत द्रव उकळतो आणि तुमची पहिली दोन सेकंदं बाष्पावर जातात. त्यात नायट्रस कमी आणि पेट्रोल पूर्ण, म्हणजे गाडी गचके देते.

स्टेनलेसची जाळी ही कानशीच आहे. ती रंग, वायर, दुसरी होज, सगळं घासून खाते, आणि वीजवाहकही आहे. बॅटरीच्या केबलजवळून नेऊ नका. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट घाला. दर फूट-दीड फुटावर आत रबर असलेला पी-क्लॅम्प लावा. वळणं मोठी ठेवा; होज फिटिंगपाशी लगेच वाकवली तर आतली टेफ्लॉन नळी चेपते, आणि एकदा मोडलेलं टेफ्लॉन सरळ होत नाही. इंजिन आपल्या माउंटवर हलतं, म्हणून फायरवॉलपासून (केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्यापासून) इंजिनपर्यंत थोडा झोल राहू द्या.

९० अंशांची फिटिंग जितकी कमी तितकं बरं. अडथळ्यापाशी दाब पडतो, दाब पडला की तिथंच द्रवाचं बाष्प होतं आणि तो अडथळा नको असलेला जेट बनतो. बाटलीच्या तोंडाच्या ॲडॅप्टरमध्ये टेफ्लॉनचा वायसर असतो, तो विसरू नका. बाटली दर वेळी काढता-घालता ना, मग जादा वायसर डबीत ठेवाच.

पायरी ३: फिल्टर, गेज, पर्ज, सोलेनॉइड

क्रम असा: होज, फिल्टर, दोन टी (तीन तोंडांचे जोड), नायट्रसचं सोलेनॉइड. फिल्टर उच्च दाबाचाच हवा. पेट्रोलचा प्लास्टिक फिल्टर इथं लावणारे लोक असतात, त्यांच्या बोनेटजवळ उभं राहू नका. एका टीच्या मोकळ्या तोंडाला प्रेशर गेज, दुसऱ्या टीच्या तोंडाला पर्जचं सोलेनॉइड. पर्ज म्हणजे शर्यतीआधी लाइनमध्ये साचलेलं बाष्प बाहेर सोडणं. ते नायट्रस सोलेनॉइडच्या जितकं जवळ, तितकं उपयोगी. मागे लावलं तर पुढच्या तुकड्यात बाष्प राहतंच. पर्जचं तोंड काचेपाशी वर काढून पांढरा फवारा दाखवायची हौस सगळ्यांना असते, काढा खुशाल. पण एअर फिल्टरच्या तोंडाकडे नको आणि उघड्या खिडकीकडे नको.

सोलेनॉइडवर आत-बाहेरची दिशा कोरलेली असते. उलटं बसवलं तर दाब सील उचलतो आणि तो गळत राहतो. नायट्रसचं आणि पेट्रोलचं सोलेनॉइड दिसायला भाऊ-भाऊ, पण आतलं सील आणि दाब सोसायची ताकद वेगळी. अदलाबदल चालत नाही. दोन्ही नोझलपासून जवळ, एकमेकांशेजारी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर बसवा. त्यांच्यापासून नोझलपर्यंतच्या दोन्ही होज आखूड आणि सारख्या लांबीच्या ठेवा, म्हणजे बटण दाबल्यावर नायट्रस आणि पेट्रोल बरोबर पोचतात.

पायरी ४: पेट्रोलची बाजू

नायट्रस कमी पडला तर गाडी नुसती हळू पळते. पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनला भोक पडतं. रसायनाच्या हिशेबाने एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे साडेनऊ किलो नायट्रस लागतो. किटवाले त्याहून बरंच जास्त पेट्रोल देतात आणि ती गादी मुद्दाम ठेवलेली असते. ताकद वाढेल म्हणून इंधनाचा जेट लहान करण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याच्या इंजिनाची चौकशी करा.

काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीचं ऋण टोक सोडा. अग्निशामक हाताशी, जागा मोकळी. फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) तपासणीचा व्हॉल्व्ह असेल तर त्याला लागणारं ॲडॅप्टर मिळतं आणि काम सोपं होतं. नसेल तर फिल्टरनंतर, रेलच्या आधी टी टाकावी लागते. आजच्या गाड्यांत प्लास्टिकच्या नळ्या आणि झटपट जोडणी असते. त्यांच्यासाठी त्याच मापाचं टोक असलेली टी आणा. प्लास्टिकची नळी कापून वर साधा क्लॅम्प आवळणं हा तीन-चार बारच्या दाबाशी खेळ आहे. होज इथंही टेफ्लॉनची घ्या, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची चिंता नाही. पेट्रोलच्या सोलेनॉइडआधीही छोटा फिल्टर हवा.

दाब मोजायचा तो पेट्रोल वाहत असताना. बंद लाइनवर गेज सुंदर आकडा दाखवतो आणि पंप थकलेला असला तरी तो लपतो. पेट्रोलची होज नोझलपासून सोडून, टोकाला इंधनाचा जेट बसवून ते डब्यात धरा, पंप चालू करून सोलेनॉइड उघडा आणि तेव्हाचा दाब बघा. जेटचा तक्ता ज्या दाबासाठी आहे, तो इथं मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर आधी पंप.

पायरी ५: नोझल

नोझल एअरफ्लो सेन्सरच्या पुढे, थ्रॉटल बॉडीच्या आधी. सेन्सरवर ओलं पेट्रोल उडता कामा नये. थ्रॉटल बॉडीपासून साधारण ७ ते १५ सेंटिमीटर, शेवटच्या वळणानंतर, फवारा थ्रॉटलच्या दिशेने.

इनटेकचा पाइप गाडीतून बाहेर काढून मगच भोक पाडा, म्हणजे कीस आत जाणार नाही. १/८ एनपीटीच्या टॅपसाठी (आटे पाडायच्या हत्यारासाठी) ११/३२ इंचाचं ड्रिल. पातळ प्लास्टिकच्या पाइपला आटे धरत नाहीत. तिथं आतून-बाहेरून नट असलेला बुशिंग लावा किंवा लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा पाइपच करून घ्या. टॅप थोडा-थोडा मारत नोझल बसवून बघा. निमुळते आटे जास्त पाडले तर नोझल खोल जाऊन सैल बसतो आणि दिशा भलतीकडे येते. शेवटी पाइप धुऊन, पुसून, आतून बोट फिरवून मगच परत जोडा.

नोझलवर नायट्रसचं आणि इंधनाचं तोंड कोरलेलं असतं. दोन्ही जेट तक्त्यातल्या एकाच ओळीतले घ्या आणि बसवण्याआधी उजेडाकडे धरून आरपार बघा. जेटचा उतार हेच सील आहे, त्यामुळे इथं हलका हात.

विजेचं थोडक्यात

सोलेनॉइड बराच करंट खातात, म्हणून रिले, फ्यूज आणि जाड वायर. आर्मिंग स्विच, म्हणजे सगळी यंत्रणा आधी सज्ज करणारा स्विच, वेगळा. थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय सर्किट पुरं होऊ नये आणि साधारण ३००० आरपीएमच्या खाली तर नकोच, कारण हळू हवेत ओलं मिश्रण मॅनिफोल्डमध्ये साचतं आणि उलटा भडका उडतो. वरच्या टोकाला रेव्ह लिमिटर (आरपीएम मर्यादेबाहेर जाऊ न देणारी सोय) लागण्याच्या काहीशे आरपीएम आधी नायट्रस बंद झाला पाहिजे. पेट्रोलचा दाब घसरला की सर्किट तोडणारा स्विच लावा. सगळ्या किटमधली सर्वांत स्वस्त इंजिन-विम्याची वस्तू तीच. ठिणगीचं टायमिंग दर ५० हॉर्सपॉवरला साधारण २ अंश मागे आणि स्पार्क प्लग एक पायरी थंड, हा सुरुवातीचा ठोकताळा.

पायरी ६: गळती तपासणी

इंजिन बंद, जागा हवेशीर, चश्मा आणि जाड हातमोजे. द्रव नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो, कातडीला क्षणात गारठा मारतो.

आधी पेट्रोल. पंप चालू करून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघा. मग नायट्रसची होज नोझलपासून सोडा आणि टोक नीट बांधून ठेवा. बाटलीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा. एकदम उघडला तर दाबाचा धक्का थेट सोलेनॉइडच्या सीटवर बसतो. दाब स्थिर झाला की सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर लगेच पान्हा घालू नका. बाटली बंद करा, पर्जने लाइन मोकळी करा, गेज शून्यावर येऊ द्या, मग आवळा. दाबाखालचं फिटिंग सोडायचं किंवा आवळायचं नाही, हा नियम दमलेल्या माणसाने सगळ्यात आधी मोडलेला असतो.

आता सुटलेलं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा. सोलेनॉइडला वीज नसताना एकही बुडबुडा येऊ नये. येत असेल तर सीटवर कचरा आहे. गाडी उभी असताना तो नायट्रस मॅनिफोल्डमध्ये साचतो आणि पुढच्या स्टार्टला इनटेक फुटतो. म्हणून ही तपासणी दर हंगामाला पुन्हा करा. सोलेनॉइडची टकटक ऐकायची असेल तर बाटली आणि पंप दोन्ही बंद ठेवून, लाइन मोकळ्या करून ऐका. उभ्या इंजिनात पेट्रोलचं सोलेनॉइड उघडलं तर ते सिलिंडरात साचतं, आणि पेट्रोल काही दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

ट्रॅकवर

सर्वांत लहान जेटने सुरुवात. बाटलीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अर्धा उघडलेला व्हॉल्व्ह हा आणखी एक अडथळाच. सुटण्याआधी एक-दोन सेकंद पर्ज: फवारा फिकटाचा दाट पांढरा झाला की द्रव पोचला. धाव संपली की बोनेट उघडून हात न लावता नायट्रसच्या लाइनकडे बघा. बर्फ धरायला हवा तो नोझलजवळ. फिल्टरवर धरला असेल तर फिल्टर तुंबलाय. एखाद्या कोपऱ्यावर धरला असेल तर ती होज आत मोडली आहे. बाटलीच्या तोंडाशी असेल तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. प्लगही काढून बघा. त्याच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर चमकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर पुढची धाव रद्द.

गेजवरून किती नायट्रस उरला ते कळत नाही. आत थोडासा द्रव असेपर्यंत दाब तापमानानुसारच राहतो. गेज खरं तर बाटलीचा ताप सांगतो. उरलेलं मोजायचं ते वजनकाट्यावर. रिकाम्या बाटलीचं वजन लेबलजवळ मार्करने लिहून ठेवा, आणि भरतानाही वजनावरच भरून घ्या. ठरलेल्या वजनापेक्षा शंभर ग्रॅमही जादा नको, उन्हाळ्यात तेच महागात पडतं. ट्रॅकवरून निघताना बाटली बंद, लाइन पर्ज करून शून्यावर, बाटली ब्रॅकेटमधून बाहेर आणि होजच्या टोकाला झाकण. अमेरिकन डीओटी (वाहतूक खात्याच्या) शिक्क्याच्या ॲल्युमिनियम बाटलीची पाण्याच्या दाबाची तपासणी दर पाच वर्षांनी असते. तारीख खांद्यावर ठोकलेली असते. जुनी बाटली घेत असाल तर रंगाआधी ती वाचा.